रिसेप्शनला लाइव्ह इन्स्ट्रुमेंटल ग्रुप + डीजे: पैसे कुठे वसूल झाले आणि कुठे नाही (पुणे)

आधीच निकाल सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच जातील. धाकट्या बहिणीच्या रिसेप्शनला आम्ही चार जणांचा इन्स्ट्रुमेंटल ग्रुप (बासरी, कीबोर्ड, तबला, ऑक्टोपॅड) आणि शेवटच्या तासाला डीजे असं पॅकेज एकाच पार्टीकडून घेतलं होतं, म्हात्रे पुलाजवळ डीपी रोडला जी लॉन्स आहेत ना ओळीने, त्यातल्या एकावर. वादकांना 5 पैकी 3, डीजेला अडीच, आणि साउंडवाल्या पोराला 5 पैकी 6. ग्रुपचं नाव टाकत नाहीये, कारण या धंद्यात नाव एकाचं आणि वाजवायला येणारी माणसं दरवेळी वेगळी, त्यामुळे तुम्ही तेच नाव बुक केलंत तरी तुमच्याकडे कोण येईल हे देवालाच माहीत. त्याबद्दल पुढे लिहितेच.

संगीत खातं घरात माझ्याकडे आलं कारण बाकी कुणालाच ते नको होतं. मत मात्र प्रत्येकाला होतं. बाबांना सनई आणि त्यानंतर भावगीतं, तीही फक्त वाद्यांवर, "गाणारं कुणी नको, लोकांना बोलू दे". आत्याला स्टेजवर गाणारी बाई हवी होती, साडी नेसून. जिजूंच्या मित्रांना डीजे, तो पण "एक तास तरी ताई प्लीज". सासरची मंडळी नागपूरची, ते म्हणाले तुम्ही पुण्याचे, तुम्ही ठरवा, म्हणजे नंतर बोलायला मोकळे.

गायक-गायिका ऑर्केस्ट्रा आम्ही घेतला नाही आणि त्याबद्दल मी अजूनही ठाम आहे. आत्या अजून रुसलेली आहे, असू दे. रिसेप्शनला माणूस काय करतो बघा जरा. गेटवर अत्तर-गुलाब, मग स्टेजची रांग, रांगेत अर्धा तास, वर गेलं की पाकीट, फोटोग्राफर "काका थोडं आत या", खाली उतरलं की सरळ पाणीपुरी, मग ताट, मग दहा वर्षांनी भेटलेल्या मावसबहिणीशी गप्पा, आइस्क्रीम, पान, घर. यात गाणं ऐकायला कधी बसणार तो? आणि गायकाला तर समोरून टाळ्या लागतात, बिचाऱ्याचा दोष नाही, त्याची कलाच तशी आहे. पण समोर सगळ्यांच्या एका हातात ताट आणि दुसऱ्या हातात पुरी. मग तो अँकर "अरे पुणेकर झोपलेत का, हात वर करा" सुरू करतो आणि सगळे ताटात बघायला लागतात. हे मी इतक्या रिसेप्शनला पाहिलंय की विचारू नका. शिवाय बऱ्याच ठिकाणी मागे वादक दोनच आणि बाकी सगळं माइनस ट्रॅकवर असतं, म्हणजे पैसे ऑर्केस्ट्राचे आणि ऐकायला कराओके.

तर इन्स्ट्रुमेंटल. ग्रुपवाल्याने पीडीएफ पाठवली, छापील गाण्यांची यादी, हिंदी जुनी, हिंदी नवीन, मराठी, "डिव्होशनल". इथे एक गोष्ट सांगते जी मला कुणी सांगितली नव्हती पण यादी वाचताना लगेच डोक्यात आली. बासरीवर शब्द नसतात हे खरं, पण ऐकणाऱ्याच्या डोक्यात ते असतातच. चाल सुरू झाली की पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येक बाईच्या तोंडात अख्खं कडवं तयार असतं. आणि त्या यादीतली निम्मी गाणी म्हणजे कुणीतरी सोडून गेलंय, कुणीतरी दगा दिलाय, कुणाची तरी अर्थी निघालीये. चाली गोड आहेत, नाकारत नाही, पण मुलगी नव्या नवऱ्याचा हात धरून उभी आहे आणि मागे बासरीवर बेवफाई! मी पेन घेऊन बसले आणि एकेक खोडत गेले. बाबांच्या आवडीच्या भावगीतांचं तर विचारूच नका, मराठी भावगीतात आनंदी गाणं शोधायला बसा एकदा, सगळीकडे विरह, सांजवेळ आणि कुणीतरी न आलेलं. बाबांनी स्वतः लिहून दिलेल्या यादीत शेवटी उरली ती जेमतेम बोटांवर मोजण्याइतकी. ते म्हणाले "अगं पण कोण एवढं लक्ष देतंय". आणि कार्यक्रमात बासरीवाल्याने यादीबाहेरचं एक वाजवलंच आणि आमच्या मामींनी दहीवडा खाता खाता मान वर केली, "काय गं, हे तर ती मेल्यावरचं आहे ना?" बाबा माझ्याकडे बघेनात.

उपाय सोपा निघाला आणि तो तबलजींनी सुचवला (वयस्कर गृहस्थ, चौघात सगळ्यात समजूतदार). ते म्हणाले, पहिला तास गाण्यांच्या मागे लागूच नका, यमन घ्या. संध्याकाळचा राग आहे, सगळ्यांच्या कानाला ओळखीचा, आणि यमनमधली हिंदी-मराठी गाणी ढीगभर आहेत, त्यामुळे आलापातून गाण्यात आणि गाण्यातून परत आलापात सहज जाता येतं, कुठे थांबून बासरी बदलायला नको. ही बासरीची भानगड मला माहीत नव्हती. एक बासरी म्हणजे साधारण एक पट्टी, कीबोर्डवाला बटण दाबून स्वर बदलतो पण बासरीवाल्याला दुसरी बासरी काढावी लागते, म्हणून तो अख्खी पिशवी घेऊन येतो. म्हणून फर्माइशी मध्येच पाठवू नका, चिठ्ठी गेली की लय तुटतेच. यमनचा तो तास खरंच छान झाला. नाट्यगीतंही चालली, त्यांना मुळात ठेका असतो आणि आजोबा लोक खूश. लावणी बासरीवर नको, माझं वैयक्तिक मत, ढोलकीशिवाय ती अगदीच बिचारी वाटते.

आता तक्रार. बुकिंगच्या वेळी जे रील दाखवलं होतं त्यातला बासरीवाला आलाच नाही. दुसराच आला. विचारलं तर "ताई, सर आज दुसऱ्या शोला आहेत, पण हे पण टॉपचेच आहेत". तुळशीचं लग्न झालं की सीझन उघडतो, मोठ्या मुहूर्ताच्या दिवशी शहरातला प्रत्येक बरा वादक दोन-दोन ठिकाणी शब्द देऊन बसलेला असतो, हे समजू शकते मी. पण मग तसं आधी सांगा ना. हा मुलगा वाईट नव्हता, फक्त सुरुवातीला बासरी आणि कीबोर्ड जुळतच नव्हते, कानाला कुठेतरी आंबट लागत होतं. तबलजी म्हणाले गारठा आहे, थंड हवेत बासरी उतरते, कीबोर्ड काय मशीन, ते आहे तिथेच राहणार, वाजवून वाजवून बासरी गरम झाली की येईल वर. आली पण. पण अनुभवी माणूस हे गेटवर पाहुणे यायच्या आधी करून घेतो, मागे कोपऱ्यात फुंकत बसतो. त्यामुळे बुक करताना ग्रुपचं नाव नको, वाजवणाऱ्यांची नावं मेसेजवर लिहून घ्या आणि त्यातला एक जरी बदलला तर किती पैसे कमी करणार हेही त्याच मेसेजमध्ये. आम्ही बाकी रकमेतून थोडे कापले, थोडी वादावादी झाली, मान्य केलं त्यांनी.

आता साउंडवाला. हा पोरगा पॅकेजमध्ये फुकट आल्यासारखा होता, कोटेशनमध्ये एक ओळ, "साउंड विथ ऑपरेटर". वय असेल बावीस-तेवीस. दुपारीच येऊन लॉनवर नुसता फिरत होता, मला वाटलं मोबाइलवर बोलतोय. ग्रुपच्या मालकाचं म्हणणं स्टेजच्या दोन्ही बाजूंना दोन मोठे टॉप (म्हणजे मोठे स्पीकर) स्टँडवर लावायचे, फोटोत पण भारी दिसतात. पोरगा म्हणाला नको. मला बाजूला घेऊन त्याने जे समजावलं ते मी इथे लिहिते कारण हे कुणीच सांगत नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. पुढचा सोफा स्पीकरपासून 3 मीटरवर, मागची टेबलं 24 मीटरवर, म्हणजे तीनदा दुप्पट, म्हणजे 18 डेसिबलचा फरक. मागच्या टेबलावर 65 पोचवायचं तर पुढच्या सोफ्यावर 83 आपटणार. आणि पुढच्या सोफ्यावर कोण बसतं? आजी. आपण जवळ बसून साधं बोलतो ते 60च्या आसपास असतं, त्यामुळे 83 मध्ये आजीला काही बोलायचं तर किंचाळावं लागेल, नाहीतर ती श्रवणयंत्र काढून पर्समध्ये टाकेल (आमची टाकतेच).

त्याने काय केलं तर मोठे टॉप टेम्पोतच ठेवले आणि छोटे चार स्पीकर लावले, दोन स्टेजपाशी पण सोफ्याच्या डोक्यावरून जातील असे उंच, दोन मध्यावर मांडवाच्या खांबांना, सगळे हळू. जेवणाच्या काउंटरकडे एकही नाही. "तिथे लोक वाढप्याशी बोलतात ताई, डाळ कमी की जास्त ते ऐकू यायला पाहिजे." मी त्या वाक्यावरच फिदा. मग पाहुणे यायच्या आधी मला आणि माझ्या भावाला मागच्या टेबलावर बसवून नेहमीच्या आवाजात बोलायला लावलं आणि स्वतः पुढे जाऊन कन्सोलवरून खाली खाली आणत गेला, आम्हाला एकमेकांचं नीट ऐकू येईपर्यंत. बस, ती लेव्हल टेप लावून फिक्स. डीजे येईपर्यंत ग्रुपच्या मालकाने दोनदा "वाढव रे" केलं, पोराने दोन्हीवेळा हात फिरवल्याचं नाटक केलं. वाढवलं काहीच नाही.

एन्ट्रीचं पण त्यानेच वाचवलं. बहिणीने इन्स्टावर बघून एका गाण्याचा चाळीस सेकंदांचा तुकडा ठरवला होता, यूट्यूबवरून ओढलेला. तो म्हणाला फाइल बदला, ही फोनवर चालते पण मोठ्या सिस्टिमवर भांडी पडल्यासारखी वाजेल, विकत डाउनलोड करा नाहीतर मी आणतो. आणि मग विचारलं, गेटपासून स्टेजपर्यंत चालायला किती वेळ? कुणाला माहीत! मला गेटवर उभं केलं, "नऊवारी आहे असं समजून चाला". मी चालले. मध्ये त्याने थांबवलं, "इथे फोटोग्राफर थांबवणार, इथे लहान मुलं फुलं टाकणार". तिप्पट वेळ लागला. म्हणजे तो चाळीस सेकंदांचा तुकडा हिरवळीच्या पहिल्या कोपऱ्यातच संपला असता आणि उरलेला रस्ता दोघांनी शुकशुकाटात पार केला असता. त्याने तिथेच लॅपटॉपवर मधला भाग जोडून लांबवला आणि स्टेजच्या पायरीवर पाय पडला की मुखडा येईल अशी सोय ठेवली. संध्याकाळी अगदी तसंच झालं.

डीपी रोडच्या लॉनचा एक स्वभाव आहे तो बुक करण्याआधी लक्षात घ्या. भिंतीला भिंत लागून दुसरं लॉन, तिथे दुसरं लग्न. आमची बासरी रंगात आली आणि शेजारी वरात पोचली, बँजो, ताशा, आणि अर्थातच ते 2016 सालचं अजय-अतुलचं गाणं ज्याच्याशिवाय महाराष्ट्रात नवरा घोड्यावरून उतरत नाही. बासरीवाला मध्येच थांबून इकडे बघायला लागला. ग्रुपचा मालक धावत कन्सोलवर, "दाब वर दाब वर". पोरगा शांतपणे उलट खाली घेत गेला. म्हणाला, "वाढवून दोघांचंही कळणार नाही, त्यांना आत जाऊ द्या, दहा मिनिटांचा खेळ आहे." आमच्याकडची लहान मुलं तोवर शेजारच्या गाण्यावर आमच्या हिरवळीवर नाचून घेत होती, फुकटात. वरात आत गेली, याने बासरी परत हळूच वर आणली, रांगेतल्या कुणाला काही समजलंही नाही.

आता डीजे. डीजे म्हणून आलेला मुलगा बरा होता, माइकवर बडबड करू नकोस सांगितलं होतं ते त्याने पाळलं, कुठली गाणी वाजवायची नाहीत त्याची यादी दिली होती तीही पाळली (वाजवायच्या गाण्यांपेक्षा ही नकोची यादी जास्त कामाची, आजोबांसमोर कुठले शब्द चालणार नाहीत हे त्याला कसं कळणार). पण उघड्या लॉनवर रात्री 10 नंतर स्पीकर बंद, ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम आहेत, 10 ते सकाळी 6 बंदच, सूट आहे ती बंदिस्त सभागृहांना, तीही आवाज आतच राहात असेल तर. नऊला डीजे सुरू झाला तेव्हा स्टेजची रांग अजून गेटपर्यंत होती, नवरा-नवरी खाली उतरूच शकत नव्हते, फ्लोअरवर फक्त जिजूंचे मित्र आणि दोन आत्येभाऊ. रांग संपली पावणेदहाला. पाच मिनिटं झाली नाहीत तोच लॉनचा मॅनेजर डीजेच्या मागे येऊन घड्याळ दाखवत उभा. म्हणजे अख्ख्या डीजेचे, लाइट्सचे, ट्रसचे पैसे देऊन नवरीच्या वाट्याला नाच आला जेमतेम तीन गाण्यांचा. अडीच स्टार त्याचेच, त्या मुलाचे नाहीत. डीजे घ्यायचाच तर आदल्या रात्री संगीताला घ्या, बंद हॉलमध्ये, जिथे सगळे नाचायलाच आलेले असतात आणि ताटं नंतर वाढली जातात.

लायसन्सचा एक घोळ सगळीकडे ऐकू येतो म्हणून सांगते. लॉनच्या ऑफिसने फॉर्ममध्ये "म्युझिक लायसन्स पार्टीने आणावे" असं छापलेलं होतं. भावाने वकील मित्राला विचारलं. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52(1)(झेडए)मध्ये धार्मिक समारंभाला सूट आहे आणि त्याच्या स्पष्टीकरणात लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले इतर सामाजिक समारंभही धरलेत, शिवाय केंद्राच्या उद्योग खात्याने 24 जुलै 2023 ला जाहीर सूचनाही काढलीये. ती प्रिंट दाखवली, ऑफिसवाल्याने मान हलवली, विषय संपला. गोव्यात बीचवर लग्न करणाऱ्यांनी मात्र हॉटेलला आधीच लेखी विचारा, तिथल्या सरकारने या सवलतीबद्दल 2024 मध्ये काढलेलं परिपत्रक मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने त्याच वर्षी रद्द केलंय, त्यामुळे कायदा जरी तोच असला तरी हॉटेलवाले पैसे मागू शकतात आणि ऐन लग्नात वाद घालायला कुणाला वेळ असतो.

सनईचं राहिलंच. गेटवर लाइव्ह सनई-चौघडा विचारला होता, बजेटमध्ये बसला नाही, म्हणून रेकॉर्ड लावली. बहुतेक कार्यालयांमध्ये एकच वीस मिनिटांची सनई फिरून फिरून वाजत असते, दिवसभर बसणाऱ्या गुरुजींना ती पाठ होत असणार. तुम्ही बिस्मिल्ला खाँसाहेबांचं एखादं लांब रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर नेऊन दिलंत तर कुणी नाही म्हणत नाही. पैसे असतील तर मात्र लाइव्ह सनईच घ्या आणि डीजे कापा, सनईला माइक लागत नाही, गेटवर दोन माणसं बसली तरी पार्किंगपर्यंत लग्न लागतं. सवाई गंधर्वला जाणाऱ्या कुणालाही विचारा, पहिल्या दिवशी सनई सुरू झाली की मांडवाचा मूड कसा बदलतो.

छोटं रिसेप्शन असेल, शंभर-सव्वाशे माणसं, तर ग्रुपच्या भानगडीत पडूच नका असं मी म्हणेन. चार छोटे स्पीकर आणि एक शहाणा ऑपरेटर भाड्याने घ्या, प्लेलिस्ट स्वतः बनवा. ॲपचं फुकटवालं अकाउंट नको, मध्येच डिटर्जंटची जाहिरात लागते. गाणी डाउनलोड करून ठेवा कारण लॉनवर दोनशे फोन एकत्र आले की नेट मरतं, फोन एअरप्लेन मोडवर टाका नाहीतर केटररचा कॉल अख्ख्या मांडवात वाजेल, आणि सेटिंगमध्ये क्रॉसफेड (एक गाणं विरता विरता पुढचं सुरू होतं ते) आणि व्हॉल्यूम एकसारखा ठेवण्याचं बटण चालू करा, जुनी आणि नवी रेकॉर्डिंग्ज मागेपुढे आली की आवाज एकदम उसळतो तो नाही उसळत.

पैशांचं थोडक्यात. कोटेशनमध्ये ट्रान्सपोर्ट नसतं, विचारून घ्या. जेवण चार वादकांचं धरलं होतं, आले सात जण, हेल्पर आणि ड्रायव्हर धरून. जेवायला घाला, त्याबद्दल काही नाही, पण केटररला आकडा आधी द्या. साउंडला विजेची लाइन वेगळी मागा, डेकोरेशनच्या लाइट्सवर जोडलं की स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज येत राहतो, आमच्याकडेही आला होता, पोराने वायर मागच्या ऑफिसातून ओढून घेतली तेव्हा गेला.

जानेवारीत चुलत भावाचं लग्न आहे नाशिकला. त्याच्या रिसेप्शनसाठी काकांनी मला विचारलं तेव्हा मी आधी या साउंडवाल्या पोराची तारीख घेतली, थेट त्याच्याकडून, ग्रुपवाल्याला मध्ये न घेता. टेम्पोभाडं देऊन येतो म्हणालाय, फक्त हॉलचे फोटो आणि लांबी-रुंदी पाठवा म्हणाला. वाजवणार कोण ते अजून ठरलेलं नाही. काकांना सॅक्सोफोन हवाय म्हणे.